वॉर्डात सिस्टर नाही, दारावर दर्जाची पाटी



आपल्या प्रशासनाला अलीकडे 'दर्जा' या शब्दाचा फार पुळका आला आहे. रेल्वे रुग्णालयाच्या दारात नवी कमान उभी राहते, भिंतींना रंग लागतो, नोंदणीच्या खिडकीवर संगणक बसतो, हातात 'उमीद' नावाचे कार्ड येते, आणि मोठ्या साहेबांच्या तपासणीच्या आदल्या दिवशी खाटांवर पांढऱ्याशुभ्र चादरी अंथरल्या जातात. तपासणी आटोपली की चादरी परत कपाटात. याला 'आरोग्यसेवेचा दर्जा उंचावणे' असे म्हणतात! आमचा कार्डाला विरोध नाही, संगणकाला तर मुळीच नाही. केसपेपर हरवण्याचा जुना छळ त्याने कमी झाला, हे मान्य केले पाहिजे. पण रात्री दोन वाजता सलाइन संपल्यावर ती बदलायला माणूस लागतो, आणि तो माणूसच या दर्जाच्या हिशेबात कुठे नाही.

खाटेवरच्या रुग्णाचे हाल आणि त्याच वॉर्डातल्या सिस्टर, ड्रेसर, आया, सफाईवाल्यांचे हाल ही दोन वेगळी गाऱ्हाणी नाहीत. त्यांचे मूळ एक आहे आणि मागणीही एकच असली पाहिजे. पण घडते उलटे. रुग्ण सिस्टरवर ओरडतो, सिस्टर आयावर, आया कंत्राटी सफाईवाल्यावर. आणि ज्याने जागा भरल्या नाहीत तो अधिकारी वरच्या मजल्यावर 'रुग्णसंवाद सप्ताहा'चे भाषण तयार करीत बसतो.

आधी माणसांचा हिशेब पाहू. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण जुने आहे आणि सर्वांना ठाऊक आहे. सर्वसाधारण रुग्णालयात दर ५ रुग्णांमागे १ परिचारिका, म्हणजे प्रत्येक पाळीत दर १५ रुग्णांमागे १, आणि वर ३० टक्के रजा-राखीव. ४५ खाटांना पाळीत तीन सिस्टर, एवढा हा साधा हिशेब आहे. आता प्रत्येकाने आपल्या विभागीय रुग्णालयात रात्रपाळीला एक चक्कर मारून मोजावे. अनेक ठिकाणी एकच सिस्टर दोन वॉर्ड सांभाळताना दिसेल. मेल सर्जिकलमध्ये असताना फीमेल मेडिकलमधून हाक आली तर तिने कोणाकडे पाहायचे? ती बाई काही दोन देह घेऊन जन्माला आलेली नाही. वेळेवर इंजेक्शन मिळाले नाही म्हणून सकाळी रुग्णाचा मुलगा तिच्या अंगावर धावून जातो, तेव्हा तो चुकीच्या माणसाशी भांडत असतो.

रेल्वे भरती मंडळांनी पॅरामेडिकल वर्गासाठी २०१९ साली १,९३७ जागांची जाहिरात काढली. त्यानंतरची तशी जाहिरात निघाली ती थेट २०२४ साली, १,३७६ जागांची. त्यांतल्या ७१३ नर्सिंग सुपरिंटेंडेंटच्या. २०२५ साली आणखी ४३४ जागा निघाल्या. दोन जाहिरातींमध्ये पाच वर्षे! या पाच वर्षांत सिस्टर निवृत्त व्हायच्या थांबल्या होत्या काय? याच काळात कोरोनाची महामारी येऊन गेली आणि ती निभावली ठरावीक मुदतीच्या कंत्राटी नेमणुकांवर. काम संपले, कंत्राट संपले, 'धन्यवाद' म्हणून घरी. त्याच २०२० च्या जुलैमध्ये रेल्वे बोर्डाने सर्व झोनना पत्र पाठवले होते, की संरक्षा वर्ग सोडून नवी पदे निर्माण करू नका आणि रिक्त पदांपैकी ५० टक्के पदे सरेंडर करा. देशभर माणसे खाटेसाठी वणवण करण्याच्या दिवसांत हे पत्र निघाले. टाळ्या वाजवून कोरोना योद्ध्यांचा सत्कार करायचा आणि दुसऱ्या हाताने पदे पुसायची, अशी ही रीत.

त्या महामारीत आपल्यावर काय गुदरले ते विसरता कामा नये. रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनीच मे २०२१ मध्ये सांगितले, की तोवर १,९५२ रेल्वे कर्मचारी कोरोनाने मरण पावले होते. आपल्याच कारखान्यांतल्या कामगारांनी २०२० मध्ये ५,२३१ डबे विलगीकरणाचे वॉर्ड म्हणून तयार करून दिले. त्यांतले काही एप्रिल २०२१ मध्ये नंदुरबार स्टेशनवर उभे राहिले आणि रुग्णांच्या उपयोगी पडले. डबा तयार करणारे हात होते, डबाही होता. पण डब्यात उभी राहणारी सिस्टर ठरावीक महिन्यांच्या कंत्राटावर होती.

सफाईची गोष्ट तर याहून वाईट. रुग्णालयातली साफसफाई म्हणजे कार्यालयातला केर काढणे नव्हे. तिथे वापरलेल्या सुया असतात, रक्ताने भिजलेले बोळे असतात, ऑपरेशन थिएटरचा कचरा असतो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ ब आणि धनुर्वात यांची लस देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. 'प्रत्येकाला' या शब्दात कंत्राटी कामगारही आला. आता तुमच्या रुग्णालयातल्या कंत्राटी सफाई कामगाराला विचारा, लस मिळाली का? त्याला लस सोडाच, जाड रबरी हातमोज्यांची जोडी महिन्यातून किती वेळा मिळते ते विचारा. कंत्राटदार बदलला की माणसेही बदलतात, आणि नव्या माणसाला पिवळ्या पिशवीत काय टाकायचे आणि लाल पिशवीत काय, हे सांगायला कोणी नसते. पिशवी चुकली की सुई टोचते. आज टोचते त्या कामगाराला, उद्या त्याच अस्वच्छ वॉर्डात तुमच्या टाक्यांना पू होतो. कंत्राटदाराने वाचवलेल्या हातमोज्यांचे पैसे शेवटी रुग्णच भरतो, तेही दुप्पट दिवस खाटेवर पडून.

इथे कायद्यातली एक खोच सांगितली पाहिजे, कारण ती फार जणांच्या ध्यानात आलेली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहितेत 'मुख्य काम' म्हणजे काय याची व्याख्या आहे. मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला बंदी आणि बाकीच्या कामात मुभा, अशी ती रचना. त्या व्याख्येत सफाई तर मुख्य कामाच्या बाहेर काढलीच आहे; शिवाय आस्थापनेची पूरक सेवा म्हणून चालवलेली रुग्णालयेही बाहेर काढली आहेत. म्हणजे रेल्वेचे मुख्य काम गाडी चालवणे, आणि गाडी चालवणाऱ्याला जिवंत ठेवणे हे पूरक काम! २०१५ साली बिबेक देबरॉय समितीने हाच सूर लावला होता. रुग्णालये, शाळा ही रेल्वेची मूळ कामे नव्हेत, त्यांतून रेल्वेने अंग काढून घ्यावे, असे त्या समितीचे म्हणणे. त्या वेळी आपण गेट मीटिंगा घेतल्या, निदर्शने केली. पण दार बंद केले तरी पाणी उंबऱ्याखालून आत येतेच. समितीचा अहवाल फडताळात राहिला आणि तिचा विचार संहितेच्या व्याख्येत जाऊन बसला.

आता आपल्यातल्याच काही मंडळींचे म्हणणे ऐकू. तरुण सहकारी, विशेषतः ज्यांचे आईवडील आजारी आहेत असे, आज उघड बोलतात, "कशाला हवीत ही रेल्वेची रुग्णालये? सरळ कार्ड द्या, चांगल्या खासगी हॉस्पिटलात जाऊ द्या." त्यांचा वैताग खरा आहे. हेल्थ युनिटमधून विभागीय रुग्णालय, तिथून झोनचे मोठे रुग्णालय, तिथून रेफरचा कागद आणि मग पॅनेलवरचे खासगी हॉस्पिटल, हा जिना चढता चढता रोग्याचा दम निघतो. भुसावळचा माणूस भायखळ्याला येतो, नांदेडचा सिकंदराबादला लालागुड्याला जातो. तिथे भाषाही वेगळी. आपला म्हातारा गँगमन तेलुगूत दुखणे कसे सांगणार? हे सर्व मान्य. पण त्यावर 'कार्ड द्या' हा उपाय म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

रेल्वेवाल्या मित्रांनो, हातात कार्ड आहे आणि मागे आपले रुग्णालय नाही, अशा माणसाची दशा काय होते ते तुमच्या शेजारच्या पोस्टमनला विचारा. त्याला हा अनुभव जुना आहे.

टपाल खात्याचे स्वतःचे दवाखाने होते. ते लहान होते, त्यांत उणिवा होत्या, पण 'आपले' होते. खाते त्यांचे काही करीना. सातव्या वेतन आयोगाने २०१५ च्या अहवालात उरलेले ३३ टपाल दवाखाने सीजीएचएसमध्ये विलीन करावेत अशी शिफारस केली. १९५४ साली दिल्लीत सुरू झालेली सीजीएचएस ही योजना मुळात वाईट नाही. ती ज्या शहरात आहे तिथे नोकरीवरच्या माणसाच्या पगारातून तिची वर्गणी सक्तीने कापली जाते. फेब्रुवारी २०१७ च्या दरांप्रमाणे लेव्हल १ ते ५ साठी महिना २५० रुपये, लेव्हल ६ साठी ४५०. पोस्टमन आणि पोस्टल असिस्टंट पहिल्या गटात येतात. पैसे दर महिन्याला न चुकता कापले जातात. पण कार्ड घेऊन पॅनेलवरच्या हॉस्पिटलात गेले, की खिडकीवरची मुलगी गोड आवाजात सांगते, "सर, सीजीएचएसची खाट आज शिल्लक नाही. कॅश पेशंट म्हणून घेऊ का?"

ती मुलगी असे का म्हणते? सरकारने शस्त्रक्रियांचे व उपचारांचे जे दर २०१४ साली ठरवले, त्यांचा सर्वंकष फेरविचार झाला तो थेट ऑक्टोबर २०२५ मध्ये. मधे २०२३ साली डॉक्टरची फी, खोलीभाडे, आयसीयू असे काही दर वाढले, एवढेच. अकरा वर्षे जुन्या दरात नफा दिसत नव्हता, आणि सरकारकडून बिलेही वेळेवर येत नाहीत, म्हणून हॉस्पिटल कार्डवाल्याला मागच्या रांगेत उभे करते. धंदा करणारा धंद्याच्याच नियमाने वागणार. त्याच्याकडून सेवेची अपेक्षा ठेवणारे आपण भोळे. रेल्वेचे रुग्णालय मात्र, कितीही रडतखडत चालले तरी, 'आज रेल्वेवाल्याची खाट नाही, रोख पैसे भर' असे म्हणू शकत नाही. हा फरक लहान नाही.

शहराबाहेर तर विचारूच नका. कुडाळचा किंवा सिरोंचाचा पोस्टमन नोकरीत आहे तोवर १९४४ च्या वैद्यकीय सेवा नियमांखाली येतो. आधी स्वतःच्या खिशातून खर्च, मग फॉर्म, इसेन्शिअलिटी सर्टिफिकेट, औषधांच्या पावत्या, हेड ऑफिसची शंका, त्या शंकेचे उत्तर, त्या उत्तरावर आणखी एक शंका. आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून तो त्या नियमांच्याही बाहेर. मग मिळतो निश्चित वैद्यकीय भत्ता. १९९७ च्या डिसेंबरात तो महिना १०० रुपये होता, पुढे ३००, ५०० झाला आणि १ जुलै २०१७ पासून १,००० रुपये. दिवसाला ३३ रुपये! साखर, रक्तदाब आणि गुडघे, तिन्ही दुखणी घेऊन ३५ वर्षे सायकल मारलेल्या माणसाने या ३३ रुपयांत कोणती गोळी घ्यायची आणि कोणती सोडायची, हे अर्थखात्याने एकदा लिहून द्यावे.

ग्रामीण डाक सेवकांचे तर नावच कोणत्या यादीत नाही. अडीच लाखांच्या आसपास माणसे देशभर खेड्यापाड्यांत टपाल पोहोचवतात, बचतीची खाती सांभाळतात, आणि वैद्यकीय सोय म्हणाल तर ना सीजीएचएस, ना १९४४ चे नियम. ईडी कर्मचारी हे नागरी पदच धारण करतात, असे सर्वोच्च न्यायालयाने राजम्मा खटल्यात १९७७ साली म्हटले. ईडी हे नाव बदलून 'सेवक' झाले, आजारपण तेवढे त्यांचे खासगी राहिले. कोरोनात मेल्यास १० लाख रुपये देण्याचे खात्याने एप्रिल २०२० मध्ये जाहीर केले, त्यात सेवकही होते. मेल्यावर तो खात्याचा माणूस, आजारी असताना मात्र गावचा.

तेव्हा कार्डाच्या मोहात पडलेल्यांनी हे लक्षात घ्यावे, की मागे आपले चालते रुग्णालय असेल तरच कार्डाला किंमत असते. खासगी हॉस्पिटल आपल्याला विचारते ते, 'नाहीतर हा रेल्वे हॉस्पिटलात जाईल' हे त्याला माहीत असते म्हणून. ते रुग्णालय उद्या बंद झाले की भाव तो ठरवणार.

तातडीच्या वेळी काय होते याचे एक उदाहरण आपल्या रेल्वेमार्गावरचेच आहे. ८ जुलै १९९२ च्या संध्याकाळी पश्चिम बंगालमध्ये मथुरापूर स्टेशनवर एक शेतमजूर गाडीतून पडला. डोक्याला गंभीर मार, आत रक्तस्राव. प्राथमिक आरोग्य केंद्राने पुढे पाठवले, कलकत्त्यातली एकामागून एक सरकारी रुग्णालये झाली. कुठे खाट नाही, कुठे यंत्र नाही. शेवटी खासगी रुग्णालयात दाखल झाला आणि १७,००० रुपयांच्या आसपास खर्च आला. त्याच्या शेतमजूर संघटनेने हे प्रकरण सोडले नाही. ६ मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की तातडीचे उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या कलमाखालील जगण्याच्या हक्काचा भंग आहे, पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही, आणि त्याला २५,००० रुपये भरपाई द्यावी. लक्षात घ्या, हा हक्क आपल्याला मिळवून दिला तो एका शेतमजूर संघटनेने. आपल्यासारख्या मोठ्या, मान्यताप्राप्त, कार्यालये असलेल्या संघटनांनी नव्हे. पुढे १३ एप्रिल २०१८ रोजी शिवकांत झा यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सीजीएचएसबद्दल सांगितले, की हॉस्पिटल पॅनेलवर नव्हते एवढ्या कारणाने बिल नाकारता येत नाही. उपचार खरोखर झाले की नाही ते पाहा. तरी आजही बिल परत येते ते 'नॉन-एम्पॅनेल्ड' असा शिक्का घेऊन. शाखा सचिवांनी हे दोन्ही निकाल जवळ ठेवावेत आणि अशा प्रत्येक परत आलेल्या बिलाला त्यांची प्रत जोडून ते पुन्हा पाठवावे.

आता एका अवघड विषयाकडे वळतो. रनिंग स्टाफ यावर आपसांत बोलतो, सभेत बोलत नाही. रेल्वेचा डॉक्टर हा एकाच वेळी आपला वैद्य आणि प्रशासनाचा परीक्षक असतो. ज्याच्याकडे दुखणे सांगायचे, त्याच्याच यंत्रणेने ठरावीक काळाने मेडिकल घेऊन 'ए-वन फिट' की अनफिट हे ठरवायचे. कायदा म्हणतो, की नोकरीत असताना अपंगत्व आले तर माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. आधी १९९५ च्या कायद्यात ४७ वे कलम होते, आता २०१६ च्या कायद्यात २० वे आहे. वेतनश्रेणी टिकते हे खरे. पण डिकॅटेगराइज झालेल्या लोको पायलटचा किलोमीटरचा भत्ता जातो, घरकर्जाचा हप्ता मात्र जात नाही. म्हणून काय होते? साखर वाढलेला ड्रायव्हर रेल्वे दवाखान्याकडे फिरकतच नाही. तो गल्लीतल्या डॉक्टरकडून गोळ्या घेतो, मेडिकलच्या आधी आठ दिवस भात सोडतो आणि देवाचे नाव घेऊन आत जातो. त्याच्या मागे बावीस डबे आणि हजार-दीड हजार माणसे असतात. यात ड्रायव्हरला दोष देऊन चालणार नाही. ज्या दवाखान्यात खरे बोलल्याची शिक्षा मिळते, तिथे शहाणा माणूस खरे बोलत नाही. डॉक्टरही यात अडकलेला आहे. त्याने लिहिले तर कामगाराचा शत्रू, न लिहिले तर अपघातानंतर चौकशीत आरोपी. उपचार करणारा डॉक्टर आणि मेडिकल घेणारे मंडळ वेगळे करा, उपचाराचा कागद परीक्षकाकडे आपोआप जाऊ देऊ नका, आणि डिकॅटेगराइज झालेल्याचे सरासरी उत्पन्न काही वर्षे तरी राखून द्या. या एका सुधारणेने प्रवाशांची सुरक्षा जितकी वाढेल तितकी दहा पोस्टरांनी वाढणार नाही.

दोषाचे खापर नेहमी खालच्या माणसावर कसे फुटते ते महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत दोनदा पाहिले. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात विभागात आग लागून १० बाळे दगावली. सिव्हिल सर्जन निलंबित झाले हे खरे, पण पुढे पोलिसांत गुन्हा नोंदला गेला तो दोन परिचारिकांवर. आग विझवण्याची व्यवस्था मंजूर करणे, तिला पैसे देणे हे त्या दोघींच्या हातात होते काय? मग २०२३ च्या ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या २४ तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात अर्भके. नांदेड हे आपल्या दक्षिण मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय. त्या भागातल्या टपालवाल्यांनाही अडल्यावेळी तेच रुग्णालय. या मृत्यूंनंतर एक खासदार तिथे गेले आणि त्यांनी कॅमेऱ्यासमोर अधिष्ठात्यांना हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला. पुढे खासदारांवर गुन्हाही नोंदला गेला. दूरदर्शनवर ते चित्र पाहून आपल्यातल्या अनेकांनी समाधानाने मान डोलावली. पण संडास घाण का होता? सफाई कामगारांच्या किती जागा रिकाम्या होत्या, औषधखरेदी कोणी रखडवली, हे त्या झाडूने विचारले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर फाशीचे थेट प्रक्षेपण.

हीच वृत्ती आपल्यातही शिरली आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. एखादा सभासद दाखल झाला की दहाबारा जणांनी घोळका करून वॉर्डात घुसायचे, सिस्टरला "आम्ही युनियनचे आहोत" म्हणून दम द्यायचा, ड्यूटीवरच्या डॉक्टरकडून केसपेपर हिसकायचा, याला काही शाखांत लढाऊपणा समजले जाते. हा लढाऊपणा नव्हे. वरच्या दालनात जाऊन पद भरा म्हणायची हिंमत नसली की माणूस खाली येऊन बाईवर ओरडतो. रुग्णालयात हिंसाचार करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, असा महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे. पण कायद्याच्या भीतीने नव्हे, भाईचाऱ्याच्या जाणिवेने हे थांबले पाहिजे. ती सिस्टर आपल्यासारखीच पासवर प्रवास करते, आपल्याच क्वार्टरमध्ये राहते, अनेकदा आपल्याच संघटनेची वर्गणी भरते. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीत सेमिनार हॉलमध्ये विसावलेल्या तरुण डॉक्टरची हत्या झाली, तेव्हा देशभर मेणबत्त्या लागल्या, सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमले. आपल्या विभागीय रुग्णालयात रात्रपाळीच्या सिस्टरला आतून कडी लागणारी खोली आहे का, तिथल्या जिन्यावर दिवा आहे का, हे किती शाखा सचिवांनी जाऊन पाहिले?

औषधांबद्दल फार लिहीत नाही, ते रोजचेच आहे. स्टॉकमध्ये नाही, लोकल पर्चेस करू, परवा या. परवा म्हणजे कोणता परवा, हे फार्मासिस्टलाही ठाऊक नसते, कारण खरेदीची सही दुसऱ्याच इमारतीत अडकलेली असते. 'पर्चेस झाले नाही तर तिसऱ्या दिवशी रुग्णाने बाहेरून घ्यावे आणि पैसे महिन्याच्या आत परत' एवढा लेखी आदेश काढायला लागते काय?

पुढच्या शाखा सभेत रुग्णालयाचा विषय 'इतर विषयां'च्या तळाशी न टाकता पहिला घ्यावा. त्या सभेला रुग्णालयाच्या सिस्टर, ड्रेसर, फार्मासिस्ट आणि कंत्राटी सफाई कामगार, चौघांचे प्रतिनिधी बोलवावेत. कंत्राटी कामगार सभासद नसला तरी बोलवावा. त्याआधी सलग सात रात्री प्रत्येक वॉर्डात किती खाटा भरलेल्या होत्या आणि किती सिस्टर होत्या याची नोंद करावी. ज्या वॉर्डात पाळीला दर १५ रुग्णांमागे १ सिस्टर नाही, तो वॉर्ड आणि ती तारीख मुख्य वैद्यकीय अधीक्षकांना लेखी कळवावी आणि पोच घ्यावी. कावीळ ब ची लस किती कंत्राटी कामगारांना दिली, याचा माहिती अधिकाराखाली अर्ज टाकावा. दहा रुपयांचा अर्ज आहे. टपालच्या शाखांनी पॅनेलवरच्या कोणत्या हॉस्पिटलाने कोणत्या दिवशी 'खाट नाही' म्हटले, आणि त्याच दिवशी रोखीने खाट दिली का, याची वही ठेवावी. ग्रामीण डाक सेवकांपैकी गेल्या वर्षात ज्यांनी उपचारासाठी कर्ज काढले त्यांची गावनिहाय यादी करावी, त्यांच्या संमतीनेच.

हे कागद हाती आले की वाटाघाटीच्या टेबलावर, पीएनएमच्या बैठकीत, ते विषय म्हणून द्यावेत. 'रुग्णालयाचा दर्जा सुधारावा' असा गोलमाल विषय देऊ नये. त्याला प्रशासन 'नोंद घेतली' असे उत्तर देते आणि मिनिट्समध्ये ते गाडले जाते. 'अमुक वॉर्ड, अमुक रात्र, ३८ रुग्ण, १ सिस्टर, मंजूर पदे इतकी, भरलेली इतकी, उरलेली केव्हा भरणार' असे लिहावे. प्रती या विभागाच्या संपादकांकडेही पाठवाव्यात. त्या रुग्णालयांच्या नावांसह या पानावर छापल्या जातील. ज्या शाखांत मराठी टंकलेखनाची सोय नाही त्यांनी हाताने लिहून पाठवले तरी चालेल, मात्र तारीख आणि पाळी स्पष्ट लिहावी.